पाला बाहेर जाणार नाही: कर्वेनगरातल्या एका बागेच्या कामाच्या नोंदी, २०२५

१० फेब्रुवारी, सोमवार

काम आजपासून आपल्याकडे. चार इमारतींची जुनी सोसायटी, आतली सामाईक बाग आणि फाटकाबाहेर फुटपाथला लागून असलेला लांबट पट्टा. पट्टा सार्वजनिक आहे, पण सोसायटीनं सांभाळायला घेतलाय. मोठी झाडं: दोन वर्षावृक्ष, चार कडुनिंब, एक जंगली बदाम, गुलमोहर, आंबा, बहावा आणि कंपाउंडच्या कडेनं खोट्या अशोकाची रांग. बाहेर फुटपाथवर एक वड. खाली दुरांटाचं कुंपण, तगर, जास्वंद, अनंत, एक्झोरा, आणि मधोमध मेक्सिकन लॉन. लॉन म्हणायचं ते उन्हातल्या भागापुरतं. वर्षावृक्षाखाली टक्कल आहे.

पहारीनं तीन ठिकाणी खणून पाहिलं. वर बोटभर माती, तिच्याखाली मुरूम आणि बांधकामाच्या वेळचा राडारोडा. विटांचे तुकडे, टाइल, एका खड्ड्यात तर सिमेंटची अख्खी गोणी दगड होऊन बसलेली. या मातीत तीस-चाळीस वर्षं झाडं उभी आहेत याचं श्रेय झाडांचं.

सेक्रेटरीकाकांनी मागच्या वर्षीचा खर्च दाखवला. पालापाचोळा उचलून नेणाऱ्या टेम्पोचे पैसे एका ओळीत, लाल माती आणि शेणखताच्या गोण्यांचे पैसे दुसऱ्या ओळीत. आकडे जवळजवळ सारखे. मी म्हटलं, "काका, या दोन ओळी एकमेकींना भेटवल्या तर दोन्ही खर्च जातील." काका म्हणाले, "ते बघा तुम्ही, पण बाग स्वच्छ दिसली पाहिजे."

स्वच्छ म्हणजे काय, यावरच पुढचं सगळं काम अवलंबून आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कोंबडीच्या जाळीचे तीन गोल उभे केले, ए विंगमागे, आंब्याच्या सावलीत. प्रत्येकी चार फूट रुंद, चार फूट उंच. याहून लहान केले तर आत ऊब धरत नाही आणि पुण्याच्या कोरड्या हवेत पाला कुजायच्या आधी वाळून कुरकुरीत होतो. खाली काटक्यांचा थर, वर वीतभर पाला, त्यावर कापलेलं ओलं गवत, मग शेणकाला, पुन्हा पाला. नुसता वाळका पाला वर्षभर तसाच पडून राहतो. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, त्यामुळे कुजवणाऱ्या जिवाणूंना खायला पुरत नाही. हिरवं गवत आणि शेण लागतं ते त्यासाठी. ओलावा किती, तर मूठभर पाला दाबल्यावर पिळलेल्या फडक्याइतका. हाताला ओल लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये.

शेण वारज्याच्या गोठ्यातून. जोडीदार बीडकडचा, शेतातला. त्याला शेणाचे पैसे मोजायचे म्हणजे अजूनही पटत नाही.

३ मार्च, सोमवार

पानगळ जोरात. आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवतो, कारण हंगामभर याच क्रमानं काम चालणार.

सकाळी साडेसहाला पाणी. आधी कुंड्या, मग नवी रोपं, शेवटी कुंपण. मोठ्या झाडांना रोज शिंपडत बसायचं नाही, आळं भरून एकदाच, मग चार-पाच दिवस विश्रांती. रोज थोडं थोडं दिलं की मुळं वरच्या वर फिरतात आणि एप्रिलमध्ये भाजतात. बोअरचं पाणी जड आहे. कुंड्यांच्या कडेला पांढरे क्षार दिसतात आणि अनंताची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या मातीत आणि अशा पाण्यात ते मुळांना घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) अर्धा टक्का, म्हणजे लिटरला पाच ग्रॅम, थोडं लिंबू पिळून संध्याकाळी फवारायचं ठरवलं. उन्हात फवारलं तर पानं करपतात.

सातला झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. त्यांचा आणि माझा खरा करार आज झाला. त्या वीस वर्षं इथे झाडतात. त्यांच्या कामाची मोजणी एकच: खालची जमीन दिसली पाहिजे. वाफ्यातलं, आम्ही त्याला बिछाना म्हणतो, तिथलं पान न् पान खराट्यानं ओढून काढतात, आणि खराट्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर बोटभरातली थोडी माती निघते. एक्झोराची मुळं उघडी पडलीत ती त्यामुळेच. मी म्हटलं, "मावशी, रस्ता, पार्किंग, जिने, सगळं लख्ख करा. पण झाडांच्या बुडाशी खराटा घालू नका. आणि रस्त्यावरचा पाला गोणीत नको, तिकडे बिछान्यात टाका." त्या म्हणाल्या, "मग वरून बघणारे मलाच बोलतील ना, दादा." बरोबर आहे. बोलणी त्यांनाच बसणार. म्हणून दुपारी सेक्रेटरीकाकांकडून सूचनाफलकावर दोन ओळी लिहून घेतल्या, बागेच्या आतला पाला मुद्दाम ठेवला आहे, झाडणाऱ्यांना विचारू नये, माळ्याला विचारावे.

साडेआठ ते दहा पाला. प्रत्येक झाडाचा पाला वेगळा वागतो. वर्षावृक्षाची पर्णिका बारीक, दीड-दोन महिन्यांत ओळखू येईनाशी होते. कडुनिंबाचीही लवकर मुरते. जंगली बदामाचं तांबडं पान देखणं, पण जाड, ते एकावर एक बसतं आणि खाली पाणी झिरपू देत नाही. ते वेगळं काढून पायानं तुडवून घेतो. आंब्याचं त्याहून चिवट. खोट्या अशोकाचा पाला जाळीतच बरा.

बिछान्यात चार बोटं थर. बुंध्यापासून मात्र वीतभर जागा मोकळी. खोडाला ओला पाला चिकटून राहिला की साल कुजते आणि वाळवीला आडोसा मिळतो. हे जोडीदाराला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण गोल ढीग खोडापर्यंत नेला की दिसायला छान दिसतो.

दहाला चहा. साडेदहा ते बारा दुरांटाची कापणी. कुंपणाची वरची बाजू खालच्यापेक्षा किंचित अरुंद ठेवायची, नाहीतर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि कुंपण पायथ्याशी उघडं पडतं. कापलेलं सगळं दुसऱ्या जाळीत. दुपारी जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण. आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग साबणाचं पाणी. फार माखलेले शेंडे सरळ छाटले. फांदीवर मुंग्या चढताना दिसल्या की समजायचं वर मावा किंवा पिठ्या आहे. गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात.

चारला हिशेब आणि हत्यारं. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुसून तेल. खुरपं मातीत खुपसून ठेवायची जोडीदाराची सवय अजून गेलेली नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. गेल्या वर्षी ती वर्षावृक्षाच्या पसाऱ्याखाली पेटवली होती. त्या बाजूच्या फांद्यांचे शेंडे अजून वाळलेले दिसतात. यंदा मुलांना आधीच गाठलं आणि होळी फाटकाजवळच्या काँक्रीटवर नेली. त्यांनी वाळक्या पाल्याच्या गोण्या मागितल्या. दिल्या नाहीत. "काका, फुकटचा कचरा आहे," एक जण म्हणाला. त्याला जाळी दाखवली. आत हात घालायला लावला. गरम लागल्यावर चकित झाला.

राख कोणीतरी प्रेमानं एक्झोराच्या बुडाशी ओतून गेलं. काढून घेतली. इथली माती मुळात अल्कधर्मी, त्यात राख म्हणजे पिवळेपणात भर.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. सकाळपासून कडुनिंबाच्या डहाळ्यांची मागणी. दरवर्षी लोक हाताला येईल ती फांदी ओढून मोडतात आणि साल लोंबत राहते. त्या ओरबाडलेल्या जागेतूनच पुढे किडा आत शिरतो. म्हणून आम्हीच आकडीनं कोवळ्या डहाळ्या काढून फाटकाशी बादलीत ठेवल्या. झाडं कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर आहेत. अकरापर्यंत बादली रिकामी. दुसरी भरली. सी विंगमधल्या आजींनी डहाळी घेतली आणि मला बत्ताशांची माळ दिली.

९ एप्रिल, बुधवार

पारा चाळिशीपार. बोअर दुपारनंतर धाप टाकतो. टँकर मागवायचा की नाही, यावर समितीत चर्चा चालू.

आज एक साधी पाहणी. बी विंगसमोरचे दोन शेजारी बिछाने, दोन्हीत तगर, दोन्हींना सोमवारी सारखंच पाणी. एकात पाल्याचा थर, दुसरा समितीतल्या एका सदस्यांच्या आग्रहाखातर 'स्वच्छ'. आज उघड्या बिछान्यात दोन बोटं खोल माती भुगा. पाल्याखाली माती हाताला चिकटते, आणि त्यात दोन गांडुळं. एप्रिलमध्ये, मुरमावरच्या बोटभर मातीत! सदस्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "हे ठीक आहे हो, पण साप येतील."

सापाचा प्रश्न दर बैठकीला निघतो, म्हणून उत्तर एकदाच लिहून ठेवतो. साप पाल्यासाठी येत नाही, उंदरासाठी येतो, आणि उंदीर येतो तो कचराकुंडीजवळ सांडलेल्या अन्नासाठी. चार बोटांच्या थरात घूस बीळ करत नाही. मोठे ढीग, विटांची रास, जुनी लाकडं मात्र पायवाटेपासून लांब हवीत. आणि डेंग्यूचे डास ओल्या पाल्यात होत नाहीत. एडिसला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. आज गच्च्या आणि बाल्कन्यांतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या तर बहुतेक भरलेल्या. त्यांबद्दल कोणाची तक्रार नाही.

आगीची भीती मात्र खरी आहे. पार्किंगला लागून असलेल्या बिछान्यात वाळका पाला ठेवत नाही, तिथे अर्धं कुजलेलं खत पसरतो. सिगारेट ओढणाऱ्यांची जागा ठरलेली आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

पहिली जाळी उलटली. चार फुटांचा ढीग दीड फुटावर. कोरड्या कडा आत घातल्या, पाणी शिंपडलं, वर गोणपाट. बहावा फुलला. मुलं मोबाइल घेऊन खाली.

६ मे, मंगळवार

समितीची बैठक. दोन विषय.

पहिला लॉन. वर्षावृक्षाखालचं लॉन सोडून द्या, असं मी म्हटलं. मेक्सिकन गवताला दिवसभर ऊन लागतं. सावलीत ते दर पावसाळ्यात लावायचं आणि दर हिवाळ्यात मरायचं. त्या जागी पाल्याचा थर आणि सावलीत येणारी झाडं: हळद, सोनटक्का, अडुळसा, फर्न, स्पायडर प्लांट. एका ताईंनी विचारलं, मुलं खेळणार कुठे? प्रश्न बरोबर होता. उन्हातलं लॉन तसंच ठेवायचं ठरलं. सावलीतलं गेलं.

दुसरा विषय खजिनदारांनी काढला. मिळकतकरातली सवलत. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प, पर्जन्यजलसंधारण आणि सौरऊर्जा यांपैकी एक असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सूट देते. छपराच्या पाण्याचं काम आधीच झालेलं आहे. मग पाल्याच्या जाळ्यांना गांडूळखत म्हणता येईल का? नुसत्या जाळीला नाही, म्हटलं. विटांचे दोन हौद, वर छप्पर, खाली निचरा, मुंग्या अडवायला भोवती पाण्याची चारी, एवढं करावं लागेल. गांडुळांना ताजा पाला चालत नाही, अर्धा कुजलेला लागतो, आणि तो आपल्याकडे तयार आहे. हौदांना मंजुरी. करामुळे मिळाली, गांडुळांमुळे नाही, पण आपलं काम झालं.

२१ मे, बुधवार

काल संध्याकाळी वळवाचा तडाखा. गुलमोहराची रस्त्याकडची मोठी फांदी पट्ट्यावर आडवी. खाली कोणी नव्हतं, एका स्कूटरचा आरसा गेला.

या झाडाच्या बुडाशी खोडावर टणक आळिंबी मार्चमध्येच दिसली होती. असं दिसलं की आतलं लाकूड कुजलंय असं धरून चालायचं. छाटणीसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज एप्रिलमध्येच गेलाय. झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी परवानगी लागतेच, १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार. लोकांना हे खरं वाटत नाही. "आमचंच झाड, आम्हीच लावलं" असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं.

गुलमोहर मादागास्करचा. वाढतो भराभर, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. त्यात एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला डांबर. पुण्यात दर वळवाला गुलमोहर आणि पेल्टोफोरम पडतात त्याला वाऱ्याइतकंच हे कारण आहे.

मोडलेला खुंट नीट कापला. मोठी फांदी एका दमात वरून कापायची नसते. आधी खालून थोडा छेद, मग त्याच्या पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नाही. शेवटी उरलेला खुंट सांध्याच्या फुगीर कड्याबाहेर कापायचा. कड्याला हात लावला तर जखम भरत नाही. त्यावर बोर्डो पेस्ट: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचं. लोखंडी भांडं चालत नाही. तयार झाल्यावर विळ्याचं पातं बुडवून पाहायचं, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. एका काकांनी ऑइलपेंटचा अर्धा डबा आणून दिला होता. तो परत केला.

२७ मे, मंगळवार

मान्सून कालच पुण्यात दाखल. नेहमी तो १० जूनच्या आसपास येतो, म्हणून आमचं सगळं वेळापत्रक जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं. खड्डे अर्धेच झालेत, रोपं नर्सरीत आहेत आणि गांडूळखताच्या हौदावर अजून छप्पर नाही.

पाऊस कोसळताना बागेतून एक फेरी मारली. असं पावसात उभं राहून पाहिल्याशिवाय पाणी कुठून कुठे जातं ते कळत नाही. पाला असलेल्या उतारावरून पाणी स्वच्छ खाली येत होतं, तेही थोडंच. त्या 'स्वच्छ' बिछान्यातून चहाच्या रंगाचं पाणी थेट चेंबरमध्ये. दोन गोण्या माती तरी गेली असेल. सेक्रेटरीकाका छत्री घेऊन खाली आले होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी सदस्यांचा निरोप आला, त्या बिछान्यातही पाला टाका.

रोपं लगेच लावावीत असं सगळ्यांचं म्हणणं. मी थांबायला सांगितलं. लवकर आलेला पाऊस मध्ये दडी मारतो, आणि तेव्हा नव्या रोपांना रोज पाणी घालायला पुन्हा बोअरच लागतो.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. पाऊस थबकलाय, ऊन कडक.

बाहेरच्या वडाशी सकाळी सहापासून गर्दी. हा वड पट्ट्याच्या टोकाला, फुटपाथवर. फुटपाथच्या कामात ठेकेदाराच्या माणसांनी खोडाला टेकवून ब्लॉक बसवले होते. ते काढायची परवानगी क्षेत्रीय कार्यालयातून मागच्या आठवड्यात मिळाली, म्हणून मुहूर्त साधून कालच दोन रांगा उचलल्या. ब्लॉकखाली काँक्रीट, त्याखाली रोलरनं दाबलेला मुरूम. पहारीनं फोडताना हाताला झिणझिण्या. खोडाभोवती सगळीकडून मीटरभर मोकळं केलं आणि जाळीतलं अर्धं कुजलेलं खत भरलं. मुळांना हवाही लागते, हे फुटपाथच्या नकाशात नसतं.

बायकांना एवढंच सांगितलं, दिवा खोडापासून हातभर लांब ठेवा आणि सूत सुती असू द्या. बहुतेक जणींनी ऐकलं. एका ताईंच्या हातात मंडईतून आणलेली वडाची फांदी होती. शेजारी अख्खा वड उभा असताना. त्यांनाच हसू आलं. उद्या सूत सोडवायचं. नायलॉन निघालं तर लगेच, कारण ते कुजत नाही आणि खोडाला आवळतं. खोडातून जुने सहा खिळे निघाले, एक क्लासच्या पाटीसकट.

२६ जून, गुरुवार

लागवड झाली. पावसानं आता जम धरलाय. सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडीकडच्या नर्सऱ्यांमधून रोपं आणली. पट्ट्यासाठी तीन ताम्हण, दोन बहावे, मधे कण्हेर. समितीला झटपट पडदा हवा होता आणि कोणीतरी कोनोकार्पस सुचवला. ठाम नकार दिला. मुळं पाइप आणि चेंबर शोधत जातात, परागकणांच्या तक्रारी वेगळ्याच. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली ती उगाच नाही.

खड्डे दोन फुटी. पिशवी फाडल्यावर दोन रोपांच्या मुळांचं वेटोळं झालेलं दिसलं. ते चाकूनं उभं चिरून मोकळं केलं, नाहीतर मुळं गोलच फिरत राहतात आणि पाच-सात वर्षांनी झाड वाऱ्यानं उपटतं. आधाराला बांबू, सुतळी सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. वर पाल्याचा थर.

लावताना फोटो काढायला आठ जण होते. पाणी घालायला यादी केली तर दोन नावं.

१६ जुलै, बुधवार

गोगलगायी. मोठ्या, आफ्रिकन. पाल्याचा ओलावा त्यांनाही आवडतो आणि हा या पद्धतीचा तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. हळदीची पानं चाळण झाली, स्पायडर बुडापासून साफ. ज्या सदस्यांना साप हवे नव्हते त्यांनी लगेच विचारलं, "पाला काढायचा का?"

पाला काढायचा नाही, थर पातळ करायचा. रोपांच्या बुडाजवळचा दोन बोटांवर आणला. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बिछान्यात टाकतो, रात्री गोगलगायी त्यांखाली जमतात, सकाळी हातमोजे घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. हातमोज्यांबाबत तडजोड नाही, त्यांच्या अंगावर परजीवी असू शकतात. मीठ थेट मातीत टाकायचं नाही, जोडीदाराला तेच सोपं वाटतं. मेल्यावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायच्या. मुलांनी रविवारी स्पर्धा लावली. रांग लावून मोजत होती, पण हातमोजे सगळ्यांच्या हातात होते.

गाजरगवत फुलायच्या आत उपटणं चालू. भारतात ते पहिल्यांदा १९५५ मध्ये पुण्यातच नोंदलं गेलं, तेव्हा ते उपटायची पहिली जबाबदारी आपलीच. फुलण्याआधीचं जाळीत चालतं, फुललेलं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

उद्या हरतालिका, परवा गणपती. वर्षभर ज्याला तण म्हणून शिव्या दिल्या त्याची आज मागणी. आघाडा आहे का, माका आहे का, डोरली कुठे मिळेल, दूर्वा एवढ्याशाच का. पत्री शोधत फिरणाऱ्यांनी गेल्या वर्षी शमी पार ओरबाडली होती, असं मावशी म्हणाल्या. म्हणून जुलैपासून मागच्या भिंतीलगत एक कोपरा खुरपला नव्हता. तिथे आघाडा आणि माका मांडीएवढा. लॉनमधली हरळी उपटताना जुड्याही बांधून ठेवल्या. पाटीवर लिहिलं: इथूनच घ्या, इतर झाडांना हात लावू नका. संध्याकाळपर्यंत कोपरा फस्त. खुरपणी वाचली.

९ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन शनिवारी झालं. सोसायटीच्या गणपतीचं आणि घरोघरचं निर्माल्य एकत्र आणून निवडलं. दोरे, सॅटिनच्या फिती, मखराचे तुकडे, अगरबत्तीचे पुडे काढले, नारळाच्या शेंड्या वेगळ्या. उरली ती ओली फुलं, पत्री आणि दूर्वा. हे नुसतं जाळीत टाकलं तर दोन दिवसांत चिखल आणि वास. तेवढाच वाळका पाला मिसळायला हवा, आणि सप्टेंबरात वाळका पाला कुठून आणायचा? फेब्रुवारीत गोण्यांनी होता तो सगळा मुरला. शेवटी पेपरचे तुकडे, नारळाच्या शेंड्या सोडवून काढलेला भुसा आणि अशोकाच्या छाटणीतला थोडा वाळका भाग, यावर भागवलं.

मावशींनीच तोडगा सुचवला. येत्या पानगळीत सगळा पाला जाळीत न घालता वीस-पंचवीस गोण्या कोरड्या बांधून ठेवायच्या. शेजारच्या सोसायटीतही त्याच झाडतात, तिथलाही पाला त्या वळवतील. गोण्यांना पावसात छप्पर हवं. बी विंगच्या जिन्याखालची जागा काकांना मागितली आहे. तिथे सध्या दोन मोडक्या सायकली आणि कोणाचं तरी लोखंडी कपाट आहे. कपाटाचा मालक शोधायची नोटीस उद्या फलकावर लागेल.